फसलेल्या प्रयोगांचं पान

“कोंडा टाकू नको बाई, दाणा एखादा त्यात राही.” सुपात धान्य पाखडताना आई गुणगुणायची, तो आवाज सुनेत्राच्या कानात अजून आहे. म्हणूनच की काय, जयपूरच्या औषध-प्रयोगशाळेची डिजिटल नोंदवही सुधारताना तिने फसलेले प्रयोगही शोधात सापडतील असं केलं.

आज पहिला शोध निहारने घेतला. चार महिने त्याचं नवं औषध डिंकासारखं चिकटच राहत होतं, स्फटिक काही धरत नव्हतं. जमलं नाही तर शुक्रवारी हे कामच बंद होणार होतं.

त्याने रेणूची आकृती टाकली आणि पडद्यावर जवळपास तशाच रेणूची अकरा वर्षांपूर्वीची नोंद उगवली. शेरा होता ‘प्रयोग फसला’. खाली फोटो होता. कुपीच्या तळाशी सुयासुयांचे शुभ्र स्फटिक, जणू कुणी चांदणं सांडून ठेवलेलं.

सुनेत्रा पडद्याकडे वाकली. इतकी वर्षं हे इथेच होतं!

“अलकाताई, ही तर तुमची नोंद!” निहार विभागप्रमुखांकडे वळला. “पण तापमान पंचवीस अंश लिहिलंय. पंचवीसला मी छत्तीस वेळा केलं. मतलब, माझाच हात वाईट?”

“हात चांगला आहे रे तुझा.”

“मग?”

अलकाताईंनी चष्मा काढला.

“कुपी मी खिडकीत विसरले होते,” त्या म्हणाल्या. “जूनच्या उन्हात, दोन दिवस. माल बिघडला असं समजून ‘फसला’ लिहिलं. आणि विसरल्याची लाज वाटली, म्हणून तापमान पंचवीस लिहिलं.”