पारूचे बारा फोटो

मित्रांनो, पालघरजवळच्या माहीमच्या एका घरात, काचेच्या कपाटात एक काळी पेटी दिसली, तर तिला पानाचा डबा समजू नका. तो मी, एक जुना बॉक्स कॅमेरा. पुढे एक डोळा, बाजूला एक खटका आणि पाठीवर लाल काचेची एवढीशी खिडकी, एवढाच माझा संसार. पण मी काय काय पाहिलंय ते सांगायला लागलो की मला दम निघत नाही. मध्येच पुढे पळालो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पोटातल्या पत्र्यावर लिहिलंय म्हणतात, पण माझा डोळा बाहेर बघणारा, तो पोटातलं काय वाचणार? मी एका साहेबाच्या ट्रंकेतून तारापूरला आलो. तेव्हा तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. साहेब माझ्याकडून खड्ड्यांचे, सळयांचे आणि सिमेंटच्या भिंतींचे फोटो काढायचा. खरं सांगू? मी पार कंटाळून गेलो होतो. भिंत काही हसत नाही.

सदुसष्ट साली साहेबाची बदली झाली. सामान बांधायला स्टोअरमधला दिनानाथ मदतीला आला होता. साहेबानं मला उचलून त्याच्या हातात ठेवलं. "घर में बच्चा आने वाला है ना? ले जाओ." झालं, माझं नशीबच पालटलं. बोईसरला गाडीत बसल्यापासून उमरोळी येईपर्यंत दिनानाथनं मला पिशवीतून तीनदा काढून पाहिलं. पालघरला उतरून सायकलवरून माहीमला पोचेपर्यंत माझा खटका नुसता खुळखुळत होता.

दिनानाथला मी मिळालो खरा, पण झालो मी त्याच्या बायकोचा, सुलूचा. सुलूची आई ती दोन वर्षांची असताना वारली होती, आणि तिचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. नातेवाईक म्हणायचे, "सुले, नाक तुजं अगदी आयसारखं हाय." मग ती आरशात नाक बघत बसायची आणि त्याच्या आजूबाजूला आईचा चेहरा जुळवायचा प्रयत्न करायची. नुसत्या नाकावरून चेहरा कसा जुळणार? मला हातात घेतलं त्या दिवशीच ती दिनानाथला म्हणाली, "माझ्या बाळाला असं चाचपडायला लागता कामा नये."

नारळी पौर्णिमेला मुलगी झाली. तिचं नाव पारू ठेवलं. सुलूनं बेत ठरवला की पुढच्या पौर्णिमेपासून दर पौर्णिमेला सकाळी पारूचा एक फोटो काढायचा. रोलमध्ये बारा फोटो, वर्षाच्या पौर्णिमा बारा. पालघरच्या स्टुडिओवाल्या तात्यांनी रोल भरून देताना तीन गोष्टी बजावल्या. सूर्य पाठीशी ठेवायचा, खटका दाबताना श्वास रोखायचा आणि रोल संपेपर्यंत माझी पाठ उघडायची नाही.

मित्रांनो, काय दिवस होते ते. पौर्णिमा जवळ आली की मला आदल्या दिवसापासून चैन पडायचं नाही. पहिल्या फोटोत पारू आजीच्या, म्हणजे दिनानाथच्या आईच्या, साखरबाईंच्या मांडीवर होती, मुठी आवळून. पुढे ती सुपात झोपली, पालथी पडली, सोललेल्या नारळांच्या ढिगापर्यंत रांगली. एकदा तर वाडीतलं नागवेलीचं पान तिनं तोंडात कोंबलं आणि सुलूला इतकं हसू आलं की श्वास रोखायचा राहूनच गेला. प्रत्येक फोटोनंतर लाल खिडकीत पुढचा आकडा यायचा आणि सुलू तो बोटानं हळूच पुसायची, जणू माझा गालच. साखरबाईंना मात्र माझी धास्ती होती. "मेला एक डोळ्यानं बघतोय पोरीला," असं म्हणून त्यांनी पारूला तीट लावली आणि तेच बोट माझ्याही कपाळावर टेकवलं. डोळा थोडक्यात वाचला.

अकरा आकडे सरले. आषाढात सतत पाऊस, तरी सुलूनं दुपारपर्यंत ओटीवर बसून उन्हाची एक तिरीप पकडली. आता उरला होता फक्त नारळी पौर्णिमेचा, पारूच्या वाढदिवसाचा फोटो. बाराही फोटो ओटीवर ओळीनं मांडून बघायचे, हेच सुलूच्या डोक्यात घोळत होतं.

आणि श्रावणात लख्ख ऊन पडलं. आमच्याकडे समुद्र जवळ, पावसाळ्यात मिठालाही पाणी सुटतं. ऊन दिसताच साखरबाईंनी सगळं घर अंगणात काढलं. गोधड्या, पापड, सुके बोंबील, चिंचेचे गोळे, दिनानाथचे बूट. शेवटी त्यांची नजर माझ्यावर गेली. माझ्या अंगावर पांढरी बुरशी आली होती. त्यांनी मला पदरानं पुसलं, प्रेमानं पुसलं हो, आणि चिंचेशेजारी खाटेवर ठेवलं. मग बुटांच्या जिभा बाहेर ओढतात तशी कळ ओढून माझी पाठ उघडली.

मला ओरडता येत नाही. आलं असतं तर उमरोळीपर्यंत ऐकू गेलं असतं.

सुलू विहिरीवरून आली आणि कळशी तिच्या हातून सुटली. तिनं झटकन माझी पाठ लावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"आई, हे काय केलंत?"

"अगं, बुरशी लागली होती. पोटात पन ऊन नको द्यायला?"

"आतल्या फोटोंना ऊन चालत नाही. अख्खं वर्ष गेलं माझं, आई. पारूचं वर्ष गेलं."

त्या दिवशी सुलू जेवली नाही, आणि पानं वाढून साखरबाईही तशाच उठल्या. मला फार वाईट वाटत होतं. बाई चुकली ती मायेनं चुकली, हे मला कळत होतं, पण सांगू कुणाला?

नारळी पौर्णिमा उजाडली. दिनानाथ म्हणाला, "बारावा तरी काढ." सुलूनं मान हलवली. "आता कशाला?" मी कपाटातच राहणार असं वाटत असतानाच साखरबाई आल्या. त्यांनी पारूला नवं झबलं घातलं होतं. पारूला त्यांनी सुलूच्या मांडीवर दिलं आणि मला उचललं.

"आई, तुम्ही?"

"अकरा येळा मी बघतेय. कधी माज्या मांडीवर, कधी सुपात, कधी शेजारणीच्या कडेवर. तुज्या मांडीवर कधी? तुज्या आयचा फोटो नाय म्हणून तू झुरतेस, आन या पोरीला तरी तुजा कुठं ठेवलास?"

सुलूच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मग तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी ती हसली. "सूर्य पाठीशी घ्या, आई."

"घेतला. आता हलू नको." साखरबाईंनी श्वास रोखला आणि खटका दाबला.

दिनानाथ मला घेऊन पालघरला गेला. तात्यांनी रोल अंधारात धुतला आणि बाहेर येऊन म्हणाले, "रोलच्या वरच्या वेढ्यातले पाच फोटो जळाले. आतले सहा रोलच्या काळ्या कागदाच्या आड होते म्हणून वाचले, कडा पांढरट आल्यात. शेवटच्या फोटोची कोरी फिल्मही त्या कागदाआडच ताणलेली होती, तो अगदी चोख आहे."

सात फोटो ओटीवर ओळीनं मांडले. पाच जागा सुलूनं रिकाम्या सोडल्या आणि त्यांवर नागवेलीचं एकेक पान ठेवलं. साखरबाई वाकून बघत होत्या. आधीच्या सहाही फोटोंत खाली, पारूच्या पायाशी एक लांब काळी सावली पडली होती. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," सुलू म्हणाली. सूर्य पाठीशी, म्हणून तिची सावली पुढे.

सातव्या फोटोत सावली साखरबाईंची होती, डोक्यावरच्या पदरासकट. फोटो वाकडा आलाय आणि पारूचा एक पाय बाहेर राहिलाय. पण मधोमध सुलू आहे, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, आणि ते नाक.

आता रोल मिळत नाही आणि माझा खटका अडकतो. पण पारूची नात परवाच तो फोटो घेऊन आरशापुढे उभी होती. एकदा फोटोतल्या नाकाकडे बघायची, एकदा आपल्या. तिला चेहरा जुळवत बसावं लागलं नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला कोरडं ठेवा, पाठ उघडू नका, ते तर आहेच. पण तुमच्या घरात जी सगळ्यांचे फोटो काढते, तिच्या हातून एकदा कॅमेरा काढून घ्या आणि तिला म्हणा, आता तू बस.