डोंगरावरचं मौन

आमचे हे गाँगवॉन प्रांताच्या डोंगराळ भागातल्या एका लहान चर्चचे पास्टर. त्या वसंतात यांनी ठरवलं, रविवारची उपासना आटोपली की मंडळींना मागच्या डोंगरावर न्यायचं, तेही मुकाट्यानं.

"वर पोहोचेपर्यंत कुणी बोलायचं नाही," यांनी बजावलं. "झाडांतून, पाण्यातून देव काय सांगतो ते ऐकायचं. वर गेल्यावर एकेकानं सांगायचं."

मंडळीतल्या माक-रेआजी आणि ओक-बुनआजींना त्यात काही अवघड नव्हतं. चर्चच्या जेवणाला माक-रेआजींनी केलेली किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, ओक-बुनआजींनी सगळ्यांदेखत खारट म्हटली, त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून दोघींत अबोला. यांनी मुद्दाम दोघींची जोडी लावली. मी कोपरानं ढोसलं, तर म्हणाले, "निसर्गात मन मऊ होतं, बघशील तू."

अर्धा डोंगर चढेपर्यंत दोघींनी एकमेकींकडे पाठ करून निसर्ग बघितला.

ओढ्याकाठी यांनी खूण केली, बसा, डोळे मिटून प्रार्थना करा. ओक-बुनआजींनी खाऊची पिशवी शेजारच्या दगडावर ठेवली आणि हात जोडले. माझे डोळे किलकिले होते. कोण पेंगतंय ते पास्टरच्या बायकोला बघावं लागतं. एवढ्यात एक पट्टेरी खार आली, पिशवीत शिरली आणि भाताचा गोळा घेऊन पळाली. परत आली, दुसरा नेला. माक-रेआजींचेही डोळे उघडेच होते. एक तर पास्टरांचं मौन, त्यात स्वतःचा अबोला. चेहरा लाल झाला त्यांचा.

"ए ओक-बुन," शेवटी त्यांच्या तोंडून निघालंच, "प्रार्थना आवर. तुझा खाऊ चालला झाडावर."

ओक-बुनआजींनी पिशवी छातीशी ओढली. "आणि तू बघत बसलीस होय?"

"बोलायचं नव्हतं ना."

"आज बोलायचं नव्हतं. वर्षभर कुठे ठेवली होतीस जीभ?"

"तू माफी मागायची वाट बघत होते."

"खारट ती खारटच होती, ताई."

'ताई' ऐकल्यावर माक-रेआजींचा आवाज उतरला. "होती. दोनदा मीठ पडलं. त्या सकाळी आमच्या यांना दवाखान्यात ठेवलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. तेवढ्यात तू तोंड वाकडं केलंस."

ओक-बुनआजींनी उरलेला एक गोळा काढून ताईंच्या हातावर ठेवला. यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं, पण ते बघतंय कोण?

माथ्यावर कुणाला वाऱ्यात देवाचा श्वास जाणवला होता, कुणाला फुलांत त्याची दया. ओक-बुनआजींची पाळी आली.

"मला कसलं ऐकू येतंय, पास्टरसाहेब? ही बोलत होती ना."

उतरताना दोघी पुढे, हातात हात. दुखणी, सुना, नातवंडं, सगळं वर्ष निघालं. हे मागून चालले होते, डोळे ओले.

"काय झालं?" मी विचारलं.

"देवाचे आभार मानतोय. मनातल्या मनात. मोठ्यानं मानायला या दोघी मध्ये जागा देतील तर ना."