नऊ हजार किलोमीटरची गाडी

पुरुषोत्तमरावांच्या गाडीचं कौतुक महादेवपुऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत कुणाचं ऐकायचं राहिलं होतं? अकरा वर्षांची गाडी, अन् चाललेली अवघी नऊ हजार किलोमीटर! माणूस मूळचा बेळगावचा, नोकरीपायी कानडी मुलखाच्या या टोकाला आला आणि इथलाच झाला. पण वस्तू झाकून जपायची खोड काही गेली नाही. गाडी तळघरात, कव्हरखाली. वर्षातून एकदा दसऱ्यातल्या आयुध पूजेला बाहेर काढायची, चारी चाकांखाली लिंबं ठेवून चिरडायची, टायरला काळंभोर पॉलिश मारायचं, देवळापर्यंत एक फेरी, की पुन्हा कव्हर. बघणारा म्हणायचा, "काल घेतली काय हो?" आणि स्वारी फुगायची.

तीच गाडी आज सकाळी त्यांनी लेकीला दिली. कस्तुरीला मुळबागलच्या कॉलेजात नोकरी लागली होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा हसू दिसलं होतं. चार वर्षांच्या पवित्राला मागे बसवून, सगळा संसार गाडीत कोंबून ती साडेदहाला निघाली. सामान मावेना, तेव्हा डिकीतली स्टेपनी यांनीच उपसून बाहेर काढली. निघताना तिनं विचारलंही, "अप्पा, लांबचा पल्ला आहे. टायर ठीक आहेत ना?"

"नक्षी बघ की त्यांची! जरा तरी झिजलीय का?" यांनी टायरवर थाप मारली. पोरगी विश्वासानं गेली.

आता घरात स्टेपनी पडलीच आहे, तर हवा तरी भरून ठेवू, म्हणून अकराच्या सुमाराला ते ती ढकलत कोपऱ्यावरच्या नागराजच्या पंक्चरच्या दुकानात गेले. नागराजनं टायरची कड अंगठ्यानं दाबली मात्र, रबराला बारीक बारीक भेगा उघडल्या. स्टेपनीला पॉलिश कोण लावतो? त्यानं कडेवरची धूळ पुसून चार आकडे दाखवले.

"दोन हजार चौदा सालचा आहे, सर. बाविसावा आठवडा. बाकीचे चार?"

"बरोबरचेच. पण चाललेत कुठे ते? नुसते उभे आहेत."

"उभं राहूनही रबर म्हातारं होतं, सर. वाळतं. गाडी कुठाय?"

"हायवेला. मुलगी घेऊन गेलीय."

नागराजनं हातातला पाइप खाली टाकला. "ह्या उन्हात? सामान भरून? स्पीडला असला टायर फुटतो, सर. आधी थांबवा त्यांना!"

पुरुषोत्तमरावांनी खिशातून मोबाइल काढला. फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कशी उचलेल ती? यांनीच तिला शिकवलं होतं ना, गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही म्हणजे नाही, अप्पा मेला म्हणून आला तरी नाही! आज्ञाधारक लेक. आज तिनं न ऐकलं असतं तर किती बरं झालं असतं!

स्टेपनी तिथेच टाकून त्यांनी ऑटो थांबवला. "होसकोटे, मुळबागलच्या हायवेला! बेगा, अण्णा, बेगा! लवकर!"

"स्वल्प थांबा सर, पुढे सिग्नल आहे," ऑटोवाला म्हणाला.

थांबा म्हणे! इथे जीव टांगणीला लागलाय. ट्रक, टँकर, ऑफिसच्या गाड्या, सगळं जिथल्या तिथे. एका हातानं फोन लावत, दुसऱ्या हातानं समोरची दांडी घट्ट धरून पुरुषोत्तमराव बसले होते, आणि नको तेच आठवत होतं. सर्व्हिसवाल्या पोरानं सांगितलं होतं, काका, टायर बदला, वय झालंय त्यांचं. एकदा नाही, दोनदा. यांनी त्यालाच झापलं होतं, "लुटायला बसलायत काय? नक्षी झिजून टायर गोटा झालाय का?" माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. मीच, मीच माझ्या हातानं पोरीला त्या गाडीत बसवलं, असं ते मोठ्यानं म्हणाले, तेव्हा ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं.

विसाव्या की एकविसाव्या वेळी फोन उचलला गेला. आवाज पुरुषाचा होता, कन्नड बोलणारा. होसकोटेच्या पुढे अपघात झालाय, म्हणाला.

"मूल? मूल कसं आहे?"

"रडतंय, सर."

रडतंय! देवा, रडतंय. पुरुषोत्तमरावांनी ऑटोतच हात जोडले. मग फोनवर कस्तुरी आली.

"अप्पा, मागचा टायर फुटला. गाडी दुभाजकावर गेली. पवित्राचा हात हलत नाहीये, अप्पा. इथल्या एकांच्या गाडीतून हॉस्पिटलला नेतोय." तिचा श्वास पुरत नव्हता. "माझंच चुकलं. तुम्ही टायर बघून दिले होते, मीच घाबरून ब्रेक दाबला. तुम्ही एवढी जपलेली गाडी..."

गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण पोरगी जन्मभर स्वतःला दोष देत बसेल, हे त्यांना सोसवेना.

"तुझं काही चुकलं नाही, बाळ. टायर कामातून गेलेले होते. मला सांगितलं होतं सर्व्हिसवाल्यानं. दोनदा सांगितलं होतं."

पलीकडे नुसतं पवित्राचं रडणं ऐकू येत राहिलं.

"तुम्ही येऊ नका, अप्पा," कस्तुरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

वाहतूक एकदाची सुटली. ऑटोवाल्यानं वेग घेतला आणि मान वळवून विचारलं, "सर, अपघात झालाय ना? कुठलं हॉस्पिटल?"

ते तिनं सांगितलंच नव्हतं.