उरलेले सतरा मिलिमीटर

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘रेघवाली’ म्हणत. तिला त्याचा राग यायचा नाही. रेघ तिचीच होती, तीन वर्षं डोकं झिजवून काढलेली.

भूकंपात काँक्रीटचा खांब तडकतो, नरम पडतो, आणि मग त्याचा आलेख असा वाकडातिकडा धावतो की तो सोडवताना संगणकाचीही दमछाक होते. रेघवालीचं म्हणणं सोपं होतं: खांब आधीपासूनच थोडा नरम धरा, तडे जेवढा हादरा जिरवतात तेवढा हिशेबात घ्या, आणि एक सरळ रेघ ओढा. इमारत जास्तीत जास्त किती झुकेल, ते अर्ध्या तासात कागदावर! आज हे खरं ठरलं, तर नव्या प्रसूतिगृहाचा आराखडा याच पद्धतीने होणार होता. नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

भूकंपासारखे धक्के देणाऱ्या टेबलावर खांब-तुळयांची निम्म्या मापाची काँक्रीटची चौकट उभी होती. तिने फळ्यावर झुकावाचा आकडा लिहिला: चव्वेचाळीस मिलिमीटर.

“चुकलात तर चहा तुमच्याकडून, बाई,” चौकट उभारणारे मिस्त्रीकाका म्हणाले.

“काका, आज तरी शुभ बोला की!”

बटण दाबलं. वीस सेकंद नुसता थडथडाट. सगळ्यात मोठा झुकाव निघाला शेहेचाळीस.

“अगं, फक्त दोनचा फरक! जिंकलीस की!” साहेब ओरडले. तिला तर नाचावंसं वाटलं.

प्रसूतिगृहाच्या मेट्रन मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्यांनी चौकटीत बसवलेलं छोटं दार ओढून पाहिलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. दार ढिम्म हलेना.

“हे उघडत का नाही?”

“अहो, चौकट तिरकी...” म्हणता म्हणता ती थांबली. टेबल केव्हाचं थांबलं होतं, पण झुकाव मोजणाऱ्या यंत्रावर शून्य नव्हतं. सतरा होते.

अगंबाई! कागदावरचा खांब धक्का थांबला की मुकाट शून्यावर येतो. म्हणून तीन वर्षांत तिने परतीचा आकडा कधी पाहिलाच नव्हता. सगळं लक्ष तो कुठवर गेला त्याच्यावर. घरी आला का, हे कुणी विचारलंच नाही.

“इमारत पडणार नाही ना?” मेट्रननी विचारलं.

“नाही.”

“मग बाळंतिणीला बाहेर कुठून काढू? खिडकीतून?”

साहेब हळूच म्हणाले, “आपल्याला झुकाव विचारला होता, तो बरोबर आलाय. सही कर. बाकीचं मागाहून बघू.”

खरं सांगायचं तर साहेबांचं ऐकावंसंही वाटलं तिला. मग तिने अहवालावर लिहिलं, ‘प्रसूतिगृहासाठी ही पद्धत अपुरी’, खाली सही ठोकली आणि कागद मेट्रनच्या हातात दिला.

“म्हणजे आम्ही थांबायचं? किती दिवस?”

“माहीत नाही हो. खरंच माहीत नाही.”

साहेब पाय आपटत निघून गेले. ती चौकटीपाशी उकिडवी बसली आणि खांबाच्या बुडाशी पडलेल्या तड्यावरून बोट फिरवत राहिली.

“काका,” ती म्हणाली, “सतराच का उरले हो? पाच का नाही, तीस का नाही?”