समितीपुढची तीन मिनिटं

विधिमंडळाच्या समितीपुढे क्लॉडेट एका विधेयकाच्या बाजूने बोलणार होती आणि तिचा थोरला भाऊ नॉर्मंड विरोधात, तरी राज्याच्या राजधानीला दोघं एकाच गाडीतून निघाली. आदल्या संध्याकाळी क्लॉडेटच्या गाडीसमोर हरीण आलं होतं. हरीण पळालं, गाडीचं तोंड मात्र चेपलं. नॉर्मंडने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "उजाडायच्या आत तयार राहा. आणि तो भडक कोट घालून येऊ नकोस, लोक मलाच नावं ठेवतील."

तिने मुद्दाम तोच लाल कोट घातला.

मॅडॉक फॉल्स या त्यांच्या गावात या बहीणभावांवरून महिनाभर चेष्टा चालली होती. विधेयक साधं होतं. राज्यातल्या प्रत्येक माणसाला, त्याला नोकरी असो नसो, सरकारने आरोग्य विमा द्यायचा, आणि नोकरीतून मिळणाऱ्या विम्याच्या जागीही तोच यायचा. तिकडे वॉशिंग्टनमध्ये, केंद्र सरकारात, हे बोलणं क्लॉडेटची आई तरुण होती तेव्हापासून चालू होतं. दर निवडणुकीला कुणीतरी ते वर काढायचं आणि निवडणूक झाली की ते पुन्हा फडताळात जायचं. म्हणून राज्यातल्या काही लोकांनी ठरवलं होतं, की वरून काही येणार नाही, आपलं आपणच करू.

क्लॉडेटचा नवरा लायल जंगलात लाकूड तोडायचा. स्वतःची करवत, स्वतःचा ट्रक, स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. गरिबांना सरकार जो विमा देतं त्यासाठी त्याची कमाई जास्त ठरायची आणि बाजारातला विमा विकत घ्यायला कमी पडायची. पोटात दुखायला लागलं तेव्हा तो म्हणाला, बर्फ वितळू दे. बर्फ वितळल्यावर म्हणाला, एवढं कंत्राट संपू दे. डॉक्टरकडे गेला तेव्हा आजार यकृतात उतरला होता. ऑक्टोबरात, मेपलची पानं गळून झाल्यावर, तो गेला. घराच्या पुढच्या खोलीत क्लॉडेटचं केस कापायचं दुकान होतं. दहाव्या दिवशी तिने ते उघडलं आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या विधेयकाबद्दल सांगायला लागली.

नॉर्मंड कागद गिरणीच्या कामगार युनियनचा अध्यक्ष. तरुणपणी गिरणीच्या फाटकाबाहेर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अख्खा हिवाळा संपात काढला होता, तो पगारासाठी नव्हे, विमा टिकावा म्हणून. त्यानंतर कितीतरी वेळा पगारवाढ सोडून त्यांनी विमाच राखला. त्याची बायको पॉलीन हिला मज्जातंतूंचा आजार होता. गिरणीच्या विम्यावर दर महिन्याला तिला सलाइनमधून औषध मिळायचं. त्या औषधावर ती चालायची, स्वयंपाक करायची, चर्चमध्ये गायची. औषध थांबलं की काय होतं ते घरात सगळ्यांनी एकदा पाहिलं होतं.

"कॉफी घे," गाडी हमरस्त्याला लागल्यावर नॉर्मंड म्हणाला. "पॉलीनने केलीय. तुझ्या कॉफीसारखं काळं पाणी नाही."

"सँडविच कशाचं आहे?"

"अंड्याचं. तुझ्यासाठी कांदा नाही घातला. बघ, शत्रूचीही काळजी घेतात आमच्याकडे."

क्लॉडेट हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझं भाषण दाखव ना."

"आधी तू दाखव."

"माझं पाठ आहे."

"माझंही. शिवाय माझ्यामागे अख्खी गिरणी उभी आहे. सभा घेऊन हात वर केलेत लोकांनी."

"माझ्यामागे लायल आहे," क्लॉडेट म्हणाली.

नॉर्मंडने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

विधानभवनाच्या पायऱ्यांवर मिरियम वाट बघत उभी होती. विधेयकाच्या बाजूने लोक गोळा करणारी ही राजधानीतली मुलगी, तीन महिने क्लॉडेटशी रोज फोनवर बोलत होती. नॉर्मंडला बघून ती जरा बावरली.

"हा माझा भाऊ," क्लॉडेटने सांगितलं. "हा विरोधात बोलणार आहे. चांगला माणूस आहे, फक्त हट्टी."

"खानदानी आहे तो हट्ट," असं म्हणून नॉर्मंड विरोधकांच्या रांगेत नाव द्यायला गेला.

मिरियमने क्लॉडेटला बाजूला घेतलं. "ऐका. समितीत एका मताचा फरक आहे. श्रीमती हॅस्केल आपल्याकडे झुकल्यात, पण मनातून घाबरल्यात. त्यांच्या मतदारसंघात गिरणी आहे. तुमच्या भावाचीच गिरणी. आज त्यांचं मन पक्कं झालं तर विधेयक सभागृहात जाईल. नाही तर आणखी दोन वर्षं. आणि दोन वर्षांनी सरकार कुणाचं असेल कोण जाणे!"

"मी काय करू?"

"लायलबद्दल सांगा. बस. आणि विचारलं की लोकांचा आत्ताचा विमा जाईल का, तर काय म्हणायचं?"

"कुणाचंही नुकसान होणार नाही," क्लॉडेटने पाठ केल्यासारखं म्हटलं.

"अगदी असंच."

खोली माणसांनी गच्च भरली होती. प्रत्येकाला तीन मिनिटं. मेजावर एक छोटा दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. क्लॉडेटच्या आधी एक डॉक्टर बोलला, एक हॉटेलवाला बोलला, विमा कंपन्यांच्या बाजूने एक नीटनेटकी बाई बोलली. मग क्लॉडेटचं नाव पुकारलं.

ती लायलबद्दल बोलली. तो देवदाराच्या झाडाला हात लावून ते आतून कुजलंय की नाही ते सांगायचा, स्वतःच्या पोटाबद्दल मात्र त्याने कुणाला विचारलं नाही. "तो काही मूर्ख नव्हता," ती म्हणाली. "तपासणीत काही निघालं तर घर जाईल, याला तो घाबरत होता. आजाराला नव्हता घाबरत. शेवटी मला म्हणाला, घर तर राहिलं ना. जसं काही तो जिंकलाच." पिवळा दिवा लागायच्या आत ती थांबली. श्रीमती हॅस्केल चष्मा काढून डोळे टिपत होत्या. बाजूच्या रांगेतल्या मिरियमने आनंदाने मूठ आवळलेली क्लॉडेटला दिसली.

तेवढ्यात समितीतल्या स्टर्जिस नावाच्या सभासदाने हात वर केला. पूर्वी शाळेचा मुख्याध्यापक होता, बोलायला अतिशय मवाळ. "बाई, तुमच्या दुःखाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. एकच विचारतो. आज ज्यांच्याकडे चांगला विमा आहे, त्यातल्या कुणालाही या कायद्याने कमी मिळणार नाही, अशी खात्री तुम्ही देऊ शकता?"

उत्तर जिभेवर होतं. कुणाचंही नुकसान होणार नाही. क्लॉडेटने मान वर केली आणि तिला भिंतीशी उभा असलेला नॉर्मंड दिसला. तो तिच्याकडे बघत नव्हता. दोन्ही हातांत टोपी धरून जमिनीकडे बघत होता. लहानपणी वडील रागावले की हा असाच उभा राहायचा. आणि तिला पॉलीन आठवली, औषध थांबलं होतं त्या दिवसांतली, चमचा तोंडापर्यंत न नेता येणारी.

"नाही," क्लॉडेट म्हणाली. "खात्री नाही देऊ शकत मी. माझी भावजय गिरणीच्या विम्यावर जगते. तिचं औषध चालू राहील असं मला वाटतं. तसं लिहिलंयही कायद्यात. पण शपथ घेऊन सांगा म्हणालात तर मला नाही सांगता येणार." ती क्षणभर थांबली. "लायललासुद्धा कुणी कसली खात्री दिली नव्हती. तुम्ही लोकांनी बसून ही खात्री तयार करा, एवढंच मागायला आलेय मी."

लाल दिवा लागला. स्टर्जिसने आभार मानले आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

नॉर्मंडची पाळी बरीच नंतर आली. "मघाशी लाल कोटात बोलली ती माझी बहीण," त्याने सुरुवात केली. "ती खोटं बोलत नाही, हे तुम्ही पाहिलंच. लायल माझाही मित्र होता. त्याला विमा मिळायला नको होता असं म्हणणारा माणूस माझ्या गिरणीत नाही. पण आमच्याकडे आज जे आहे ते आम्हाला कुणी दिलेलं नाही, थंडीत उभं राहून घेतलंय. सरकार आज देईल, चार वर्षांनी दुसरं येईल ते काढून घेईल. तेव्हा आम्ही कुठल्या फाटकासमोर उभं राहायचं?" तीन मिनिटांतली अर्धीही त्याने वापरली नाहीत.

परतताना रस्त्यावर बर्फ भुरभुरत होता. वाटेत पेट्रोल भरून नॉर्मंड गाडीत बसला, पण किल्ली फिरवली नाही.

"तू नुसतं 'हो' म्हणाली असतीस तर?" त्याने विचारलं. "त्या हॅस्केलबाई तुमच्याकडे आल्या होत्या. मी बघत होतो."

"मग तू खूश व्हायला हवंस."

"मी विचारतोय ते सांग ना."

"हो म्हटलं असतं, आणि रात्री तुझ्या घरी पॉलीनसमोर जेवायला बसले असते? तिने विचारलं असतं, काय बोललीस गं? काय सांगू?"

नॉर्मंडने नाक ओढलं. "तिने काही विचारलं नसतं. तिला तुझं विधेयक हवंय."

"काय?"

"मला म्हणाली, तू जा, युनियनचं काम आहे तुझं. पण मला विचारशील तर क्लॉडेट म्हणते ते बरोबर आहे. म्हणाली, मी चालते आणि लायल नाही, यात मला जेवण गोड लागत नाही."

क्लॉडेटने खिडकीकडे तोंड फिरवलं. "हे तू समितीला का नाही सांगितलंस?"

"कारण मी घाबरतो," नॉर्मंड म्हणाला आणि किल्ली फिरवली. "ती घाबरत नाही. मीच घाबरतो."

पुढच्या आठवड्यात घरोघरी टपालाने एक चकचकीत पत्रक आलं. त्यावर लाल कोटातल्या क्लॉडेटचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: "'खात्री नाही देऊ शकत मी.' कायद्याचे समर्थकच सांगतात." पुढचं लायलबद्दलचं वाक्य त्यात नव्हतं. नॉर्मंड ते पत्रक मुठीत चुरगाळून तिच्या दुकानात शिरला. खुर्चीत केसांना रंग लावलेली बाई बसली होती, तिच्यासमोरच तो ओरडला, "हे आमचं नाही! युनियनने नाही छापलं हे! मी त्या विमा कंपनीवाल्यांना फोन करून शिव्या घातल्यात!"

"बूट पूस," क्लॉडेट म्हणाली. "फरशी आत्ताच पुसलीय. आणि वाक्य माझंच आहे, नॉर्मंड."

समितीच्या मतदानाच्या दिवशी मिरियमने येऊ नका म्हणून सांगितलं. कामकाज संगणकावर दिसणार होतं. क्लॉडेटने दुकानातल्या आरशाखाली तो ठेवला. पॉलीन काठी टेकत आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. श्रीमती हॅस्केल बोलायला उठल्या. राज्यातल्या लोकांची वेदना आपण ऐकली, त्या म्हणाल्या, एका भगिनीचे प्रामाणिक शब्द आपल्या मनातून जात नाहीत, आणि म्हणूनच घाई न करता हा विषय अभ्यास समितीकडे सोपवावा. एकेकाचं नाव पुकारलं गेलं. एका मताने विधेयक अभ्यासाला गेलं.

"म्हणजे पुढे चालू राहील ना?" पॉलीनने विचारलं.

"अभ्यासाला गेलेलं परत येत नाही, असं मिरियम सांगत होती," क्लॉडेट म्हणाली. तिने संगणक मिटला. "मी खोटं बोलायला हवं होतं का गं?"

पॉलीनने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला माहीत नाही." आणि तिने क्लॉडेटचा हात धरला, त्या हाताला केसांच्या रंगाचा वास येत होता. संध्याकाळी मिरियमचा फोन आला. ती रडत होती, पण क्लॉडेटला एका शब्दाने बोलली नाही. तेच क्लॉडेटला जास्त लागलं.

मे महिन्यात, रस्त्यांचा चिखल सुकल्यावर, डोरीन नावाची तरुण बाई केस कापायला आली. तिचा नवरा समुद्रावर खेकडे पकडायला जायचा. केस कापून होईपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. उठताना हळूच म्हणाली, "क्लॉडेट, ते तुमचं सगळ्यांच्या विम्याचं, ते येणार आहे ना?"

"का गं?"

"स्कॉटच्या मानेला गाठ आलीय. दुखत नाही म्हणतो. मी म्हटलं, कायदा होईपर्यंत थांबू, मग एकदम सगळं दाखवून घेऊ."

क्लॉडेटच्या हातातली कात्री तशीच राहिली. येईल, असं सांगावंसं तिला फार वाटलं. पुढच्या वेळी, त्याच्या पुढच्या वेळी, कधीतरी येईलच, असं तिला स्वतःलाही वाटत होतं.

"येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "स्कॉट कुठे आहे आत्ता?"

"घरीच. जाळी दुरुस्त करतोय."

"गाडी आणलीस ना?"

"आणलीय, पण क्लॉडेट, दवाखान्यात आधी विचारतात, विमा कुठला..."

"विचारू देत. स्कॉटला घेऊन आत्ताच दवाखान्यात जाऊ, मी येते बरोबर."

क्लॉडेटने अंगावरचा कामाचा झगा काढून खुंटीला लावला, दाराला कुलूप घातलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला कळवायचं राहिलं हे तिला गाडीत बसल्यावर आठवलं. डोरीन गाडी चालवताना रडत होती. क्लॉडेट तिला रस्ता सांगत होती, इथून डावीकडे, आता सरळ, जरी दोघींना तो रस्ता पाठ होता.