देवरावचा पाऊण फेरा

देवरावने जिम्नॅस्टिक्सच्या पॉमेल हॉर्सवर सलग पाच वर्षं राज्यात पहिला नंबर काढला, हे रामाजी वस्ताद कधी नाकारत नसत. नाकारणार कसे? शिकवलं त्यांनीच. कातड्यानं मढवलेला लाकडी घोडा, त्यावर दोन मुठी, आणि नुसत्या हातांच्या जोरावर अख्खं अंग गोल फिरवायचं. पाय जुळलेले, कुठे लागता कामा नयेत. सहासष्ट साली देवराव फिरायचा तेव्हा बघणाऱ्याला वाटे, या माणसाला हाडंच नाहीत.

पुढे हाडं नसणं त्याला फारच मानवलं. खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली. सकाळी सही ठोकून जो निघायचा तो थेट खेळाच्या संघटनेत. तिथल्या साहेबांच्या खुर्चीमागे उभं राहता राहता एक दिवस खुर्चीतच जाऊन बसला. लग्न असो की तेरवी, अंगात विजेत्याचा निळा कोट. पोट सुटलं, बटणं तुटली, कोट काही सुटला नाही. एकाही पोराला त्याने मूठ कशी धरायची ते दाखवलं नाही. "आता तशी पोरं कुठं राहिली?" हे मात्र नागपूरच्या रामदासपेठेतल्या प्रत्येक बड्या दिवाणखान्यात सांगून आला. वस्तादांना त्याचा राग येणं कधीच थांबलं होतं. आता नुसती किळस यायची.

त्र्याऐंशी साली राज्य स्पर्धा नागपुरात भरल्या. वस्तादांकडे तेव्हा नत्थू होता. बावीस वर्षांचा, पहाटे कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या वाहणारा हमाल, संध्याकाळी घोड्यावर. पहिल्या दिवशी तो फिरून खाली उतरला आणि लोक उठून उभे राहिले. पंच चौघे, मुख्य देवराव. बाकीचे तिघे आपली पाटी लिहिण्याआधी त्याच्या पाटीत डोकावत, परीक्षेत बसलेल्या ढ पोरांसारखे. देवरावने दहापैकी सात लिहिले. तिघांनीही सातच लिहिले.

वस्ताद टेबलापाशी गेले.

"काहून गा देवराव, सात कशाचे?"

"पाय सुटले त्याचे, वस्ताद. तुमची नजर आता म्हातारी झाली. अन् हमालाच्या अंगात नजाकत येईन कुठून?"

वस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले. "माझी नजर गेली ना? मंग तूच दाखव. एक फेरा मार, पाय जुळवून."

शहाणा माणूस पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला असता. पण लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि टाळी ऐकली की देवराव विरघळायचा. त्याने कोट काढला, हाताला भुकटी चोळली, मुठी धरल्या.

पाऊण फेरा असा गेला की वस्तादांपुढे सहासष्ट सालच उभं राहिलं. तेच खांदे, तीच लय. मग पोट घोड्याला घासलं आणि पाच वेळचा विजेता घोड्याच्या दोन्ही बाजूंना तंगड्या टाकून धप्पकन बसला, वरातीतल्या नवरदेवासारखा. मागून कोणीतरी ओरडलं, "बँड बोलवा रे!"

त्याला उतरताही येईना. शेवटी नत्थूच पुढे झाला, काखेत हात घालून त्याला उचललं आणि पेटी ठेवावी तसं अलगद खाली ठेवलं.

देवराव पुटपुटला, "पाय सुटलेच होते तुझे."

"हो साहेब," नत्थू म्हणाला, "कोट घाला आधी. लोकं पाहून राहिले."

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत तिघा पंचांनी शेजारी न डोकावता पाट्या लिहिल्या. देवरावने पुन्हा सातच दिले, पण सगळ्यांत कमी म्हणून नियमानं ते वगळले गेले. नत्थू पहिला आला.

पेपरात मात्र मथळा आला: 'माजी विजेते देवराव यांचे बेचाळिसाव्या वर्षी थक्क करणारे प्रात्यक्षिक'. बातमी कोणी पुरवली ते उघड होतं. नत्थूचं नाव शेवटच्या ओळीत, तेही 'नथमल' असं. पेपर घेऊन वस्ताद तणतणत कळमन्याला गेले.

"पाह्य, नाव चुकवलं तुझं त्या हरामखोरानं!"

नत्थूने पाठीवरची पेटी उतरवली. "नॅशनलला जायच्या फारमावर बरोबर आहे, वस्ताद. मीच लिहिलं."

"अन् सही? संघटनेची सही तर त्याचीच लागते."

"केली ना. डाव्या हातानं. त्या फेऱ्यानं उजवं मनगट सुजून राहिलं होतं त्याचं."

"बरं झालं," वस्ताद म्हणाले. "सत्रा वर्षांत खेळासाठी तेवढंच तर सोसलं त्यानं."