कडू पाल्याची सवत

मी पिवळी पूड बोलतेय. कोंबड्यांचं औषध आहे मी. नाकिमेराबाईंच्या छपराच्या वाशात खोचलेल्या पुडीत आता चिमूटभर उरलेय. बाकीची कुठे गेले ते सांगते, पण आधी त्या मुलुलुझाबद्दल बोलू द्या. नाहीतर माझा जीव थंड व्हायचा नाही.

मुलुलुझा म्हणजे दारातलं कडू पाल्याचं झुडूप. आमच्या मसाका शहराच्या बाजूला घराघरात असतं. ताप आला, पाला उकळा. पोट दुखलं, पाला चावा. कोंबडी शिंकली, पाण्यात पाला चुरा. कुंपणाला उगवलेली ती, आणि मान बघाल तर सासूबाईंचा. मी सीलबंद पुडीतून आले, तर म्हणे विष. जळतेच मी तिच्यावर, लपवायचं कशाला?

नाकिमेराबाईंचा मुलगा लुब्वामा, त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या घरी दोन्ही घरांच्या ओळखीचा सोहळा होतो. तिथे बाकी टोपल्या किती का नेईनात, मुलीच्या भावाच्या हातात जिवंत कोंबडा पडला पाहिजे. तो कोंबडा भावानं खाल्ला की मुलगी तुमची. नाही खाल्ला तर बसा बोंबलत.

बाईंनी त्यासाठी एक तांबडा कोंबडा पिल्लापासून वाढवला होता. सोहळा तोंडावर आला आणि तो घरघरायला लागला. मान टाकून बसला. लुब्वामा धावत दुकानात गेला आणि मला घेऊन आला. दुकानदारानं बजावलं होतं, "पाण्यातून पाज. पण औषध थांबवल्यावर आठवडाभर कापू नकोस. मांसात राहतं ते, कलेजीत तर फार."

"हो, हो," म्हणाला. ऐकलं किती ते देव जाणे.

घरी बाईंनी पुडी हातातून काढून घेतली. "दुकानातली भुकटी माझ्या कोंबड्याला? तुझ्या बापाच्या लग्नातल्या कोंबड्याला कुणी भुकटी घातली होती?" असं म्हणून मला वाशात खोचलं आणि पाला चुरायला बसल्या.

बाई पाण्याला गेल्या की लुब्वामा मला काढायचा, त्याच वाडग्यात ढवळायचा आणि परत खोचायचा. एकाच वाडग्यात मी आणि ती सवत. तोंड कडू झालं माझं.

कोंबड्याच्या पोटात शिरल्यावर तरी सुख असावं की नाही? बाई दाण्यात अंड्यांची कवचं कुटून घालायच्या, हाडं भक्कम व्हावीत म्हणून. त्या कवचांतल्या चुन्यानं मला आतड्यातच धरलं. माझा बराचसा भाग रक्तात न जाता विष्ठेबरोबर अंगणात पडला. उरलेली मी रक्तात शिरले, फुप्फुसात पोचले, तिथल्या रोगजंतूंची वाढ थांबवली. कलेजीत साठले, मूत्रपिंडात साठले, हाडांत जाऊन बसले. मुलुलुझानंही काही केलं असेल. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं.

कोंबडा उठला, पंख झाडले, आरवला. बाईंनी कमरेवर हात ठेवले. "बघितलंस? मुलुलुझा!"

लुब्वामा मान खाली घालून हसला. मेल्याला तेव्हा तरी माझं नाव घेता आलं असतं.

दोनच दिवसांनी सोहळा. चटया अंथरलेल्या, दोन्हीकडचे बोलणारे कोट्या करत होते. नवरदेवानं तिथे तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीनं त्याचा माणूस बोलतो. कोंबडा मुलीच्या भावापुढे आला. सेकित्तो त्याचं नाव, धिप्पाड गडी. त्यानं कोंबडा हातात तोलला.

"आज संध्याकाळीच पानात बांधून शिजवतो," तो म्हणाला. "कलेजी माझ्या तान्हीला. दात येताहेत तिचे."

तान्हीला कलेजी, म्हणजे मलाच की. येणाऱ्या दातांना मी चांगली नाही, डाग पाडते. दुकानदाराचं बोलणं लुब्वामाला तेव्हा कुठे आठवलं असावं, कारण तो उठून उभा राहिला.

"आज नका खाऊ," तो म्हणाला. "आजारी होता तो. मी औषध पाजलंय. आठवडा जाऊ द्या."

मुलीकडची बोलणारी बाई फटकळ होती. "अगोबाई, नवरदेवाला वाचा फुटली. जावईबापू, कोंबडा द्यायचा नसेल तर पोरीला घेऊन सरळ पळून जायचं होतं, औषधाचं निमित्त कशाला?"

नाकिमेराबाईंचा चेहरा पडला. "कसलं औषध?" त्यांनी हळूच विचारलं.

"ती पिवळी पूड, आई. वाशातली."

चारचौघांत माझं नाव निघालं. केवढी फुगले मी.

सेकित्तोनं कोंबडा खाली ठेवला. "पोरीसाठी बोललास, हे मी विसरणार नाही. पण रीत ती रीत. कोंबडा इथेच राहील. मी खाईन तेव्हा बहीण उंबरा ओलांडेल."

आली का पंचाईत? वऱ्हाड नवरीशिवाय परतलं. गावभर एकच बोलणं, त्या पिवळ्या पुडीनं लग्न अडवलं. शिव्या का होईनात, माझ्याच होत्या. मुलुलुझाचं नाव कुणी काढेना.

नवरी नामुक्वाया रोज त्या कोंबड्याला साधं पाणी ठेवायची आणि म्हणायची, "निघ बाई आता अंगातून." मला निघायचं नव्हतं. आणखी आठवडा राहिले असते तर आणखी नाव झालं असतं. पण शरीर कुणाचं ऐकतं? लघवीतून, पित्तातून, विष्ठेतून मी रोज थोडी बाहेर पडले. हाडांत तेवढी हट्टानं थोडी राहिले. आठवडा भरला, मी मांसातून निघून गेले, कोंबडा केळीच्या पानात शिजला, तान्हीनं कलेजी खाल्ली आणि नामुक्वाया सासरी आली. मी नसण्याचीच ती मेजवानी.

परवा एक कोंबडी शिंकली. नाकिमेराबाई वाशाकडे बघत राहिल्या. मग सुनेला विचारलं, "तुमची ती पूड घातली तर किती थांबायचं असतं गं?"

"आठवडाभर, आई."

"बरं," म्हणाल्या. मला पाण्यात ढवळलं, दारातून पाला तोडून आणला आणि माझ्याच डोक्यावर चुरला. कोंबडी बरी झाल्यावर काय म्हणाल्या, ते मी सांगत नाही.

ऐका, माझं एवढंच मागणं आहे. कौतुक खुशाल तिचं करा. पण मला पाजलंत तर मी निघून जाईपर्यंत सुरीला हात लावू नका. थांबा माझ्यासाठी. त्या मुलुलुझासाठी कधी कुणाचं लग्न थांबलंय?